खटका

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



विजेच्या स्विचला मराठीत एक जुना शब्द आहे, खटका. कुणी बटण म्हणतं, कुणी कळ म्हणतं. पण मला खटकाच आवडतो, कारण हा शब्द कानाने घडवलेला आहे. बोट दाबलं की खट् असा आवाज येतो, आणि तो उगाच येत नाही. विजेचा प्रवाह तोडताना धातूची दोन टोकं सावकाश दूर गेली, तर मधल्या फटीत ठिणगी रेंगाळते आणि टोकं जाळत राहते. म्हणून इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये असा स्विच तयार केला, ज्यात स्प्रिंग ही टोकं झटक्यात दूर करते. आपल्याला ऐकू येतं ते त्या स्प्रिंगचं काम. ज्या कुणी पहिल्यांदा स्विचला खटका म्हटलं, त्याला होम्स ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण वस्तूचं मर्म त्याने अचूक पकडलं.

याच शब्दाचा दुसरा अर्थ आपण रोज वापरतो. दोन माणसांत खटके उडतात. आज मला अशाच एका खटक्याविषयी बोलायचं आहे. जुन्या गाडीचा स्विच बिघडला तर तो दुरुस्त करावा की बदलावा? शिरूर आणि दौंडच्या गॅरेजांत हा वाद मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. वरवर पाहिलं तर वाद दोन-चारशे रुपयांचा आहे. पण उसाच्या हंगामात न्हावऱ्याहून चौफुल्याकडे रात्री निघून बघा. पुढे ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्या, मागे दिवा असेलच याची खात्री नाही. अशा वेळी आपल्या गाडीचे दिवे एका क्षणात गेले, तर तो दोन-चारशे रुपयांचा प्रश्न उरत नाही.

शिरूर आणि दौंड हे एकमेकांना लागून असलेले तालुके, पण दोन्ही गावांची वळणं वेगळी. शिरूरला जुने लोक अजून घोडनदी म्हणतात. इथे इंग्रजांची छावणी होती. १८१७ सालच्या शेवटच्या रात्री कोरेगावच्या दिशेने निघालेली पलटण इथूनच निघाली होती. तेव्हापासून हे रस्त्याचं गाव. पुणे-नगर रस्त्यावर मोटारी आणि ट्रक वाढले, तसे इथे थांबे आले, चहाची हॉटेलं आली, पंक्चरवाले आले आणि त्यांच्यामागून गॅरेजं आली. रस्त्याच्या गावात गाडी बिघडलेल्या अवस्थेतच येते. मालक घाईत असतो, सुटा भाग जवळ नसतो, आणि मिस्त्रीला हातातल्या वस्तूतूनच मार्ग काढावा लागतो.

दौंड हे रेल्वेचं गाव. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि गाव जंक्शन झालं. वाफेच्या इंजिनांचं शेड आलं, फिटर आले, त्यांच्या वसाहती आल्या. रेल्वेची शिस्त रस्त्याच्या अगदी उलट. वाफेच्या इंजिनात भट्टीच्या माथ्यावर शिसं भरलेला एक डाट बसवत. बॉयलरमधलं पाणी धोक्याच्या पातळीखाली गेलं की शिसं वितळे, वाफ भट्टीत घुसे आणि चालकाला इशारा मिळे. हा डाट ‘अजून चांगला दिसतोय’ म्हणून कुणी राहू देत नसे. ठरलेली मुदत आली की जुना काढायचा, नवा बसवायचा. पुढे सिग्नलसाठी विजेचे रिले आले. रिले म्हणजे विजेने चालणारा खटकाच. तोही सीलबंद असतो. जागेवर उघडून, घासूनपुसून परत बसवण्याची मुभा नसते. बिघाड होईपर्यंत वाट बघणं रेल्वेला परवडत नाही, कारण तिथे एका खटक्यावर हजार माणसांचा जीव टांगलेला असतो.

तर दुरुस्तीचं घराणं शिरूरचं आणि बदलण्याचं घराणं दौंडचं, असं मी गमतीने म्हणतो. रेल्वेतून निवृत्त झालेला फिटर आणि रस्त्यावर शिकलेला मिस्त्री एका गाडीभोवती उभे राहिले, की हा फरक लगेच ऐकू येतो. एक म्हणतो, “काढा आणि नवा टाका.” दुसरा म्हणतो, “उघडून तर बघू.”

उघडून बघण्याची ही सवय आपल्याकडे आली कुठून? तिच्यामागे टंचाई होती. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडच्या बहुतेक मोटारी म्हणजे परदेशातून सुटे भाग आणून केलेली जुळणी. जनरल मोटर्सने मुंबईत १९२८ मध्येच असं काम सुरू केलं होतं. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्यांना इथे खरोखर उत्पादन करायचं आहे त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. राहिलेल्या कंपन्यांत एक होती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. पुणे जिल्ह्याला हे नाव परकं नाही. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांचंच. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिचीच पुढची पिढी १९७४ पासून ‘पद्मिनी’ नावाने ओळखली जाऊ लागली, आणि नवं शतक उजाडेपर्यंत ती निघत राहिली.

या व्यवस्थेचे दोन परिणाम झाले. पहिला म्हणजे गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून मिळालेली गाडी टाकायची नाही, चालवायची. दुसरा जास्त महत्त्वाचा. गाडीचं मूळ रूप दशकानुदशकं फारसं बदललं नाही. त्यामुळे एका पिढीच्या मिस्त्रीने जे शिकलं ते पुढच्या पिढीला उपयोगी पडलं. पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानांत किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात एका गाडीचा भाग दुसरीला बसू शके. आपण आज ज्याला कसब म्हणून नावाजतो, ते असं सक्तीतून आलं. पोटासाठी शिकलेली विद्याही विद्याच असते, एवढंच मी म्हणेन.

आता त्या खटक्याच्या आत डोकावू. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत हेडलाइटचा सगळा प्रवाह थेट डॅशबोर्डवरच्या किंवा स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जात असे. समजा साठ-साठ वॅटचे दोन बल्ब आहेत. बारा व्होल्टच्या बॅटरीवर त्यांना दहा अँपिअर प्रवाह लागतो. स्विचमधल्या दोन टोकांवर काळा थर साचला आणि तिथे एक दशांश ओहम एवढाच अडथळा तयार झाला, तरी त्या बोटभर डबीत दहा वॅट उष्णता तयार होते. आणि वाटेत एक व्होल्ट खर्ची पडल्यामुळे बल्बचा उजेड जवळजवळ पाव हिश्शाने घटतो. चालकाला वाटतं, दिवे मंद झाले. मग तो मोठे बल्ब टाकतो, शंभर-शंभर वॅटचे. प्रवाह दहावरून साडेसोळा अँपिअरच्या पुढे जातो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच टोकांवर ती पावणेतीनपट होते. काही आठवड्यांनी स्विच वितळतो आणि दोष स्विचच्या माथी येतो.

आमच्याकडे एक उस्ताद होते. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. गॅरेजात मराठी, दखनी आणि इंग्रजी एकाच वाक्यात नांदायच्या. जळका स्विच हातात घेऊन गिऱ्हाईक म्हणायचं, “चाचा, नवाच टाका की.” चाचा म्हणायचे, “टाकतो ना पाटील, नवाच टाकतो. पर हा का मेला ते तर बघू द्या.” मग ते पत्र्याचे दुमडलेले कान स्क्रू-ड्रायव्हरने हळूच उचलायचे. आतली छोटी स्प्रिंग उडून जाऊ नये म्हणून मांडीवर फडकं पसरलेलं असायचं. शागिर्दाला शिकवण्याची पहिली गोष्ट तीच, फडकं. स्प्रिंग हरवली तर विद्या काही कामाची नाही.

स्विच उघडला की निदान होतं. टोकं नुसती काळवंडली असतील तर ती साफ करता येतात. पण इथेही हात राखून काम करावं लागतं. चांगल्या स्विचच्या टोकांवर चांदीचा पातळ मुलामा असतो. पॉलिश पेपरने जोरजोरात घासलं, की चांदी जाते आणि खालचं तांबं उघडं पडतं. मग स्विच चार दिवस चकाकतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा काळा पडतो. स्प्रिंग तापून निळसर झाली असेल, तर तिचा ताण गेलेला असतो. ती ओढून लांब करता येते, पण गेलेला दम परत येत नाही. बेकेलाइटची बैठक जळून कोळसा झाली असेल, तर तो कोळसाच वीज वाहू लागतो, आणि अशा स्विचला हात लावण्यात अर्थ नसतो. ज्यांनी दुरुस्ती खरी शिकली, त्यांना ती कुठे थांबवायची हेही ठाऊक असतं. अर्ध्या कच्च्या मिस्त्रीची ओळख हीच, की त्याला काहीच टाकवत नाही.

दुरुस्ती आणि बदल यांच्यामध्ये एक तिसरी वाटही आहे, आणि ती रेल्वेच्याच ओळखीची. गाडीत रिले बसवायचा. मग मोठा प्रवाह बॅटरीतून रिलेमार्गे थेट दिव्याला जातो, आणि डॅशबोर्डवरच्या खटक्याला फक्त रिलेला इशारा करण्यापुरता, अँपिअरच्या लहानशा अंशाइतका प्रवाह पेलावा लागतो. रिले हा शब्द विजेच्या आधी घोड्यांच्या टप्प्यांसाठी वापरत. लांबच्या प्रवासात दमलेला घोडा सोडून ताजा जोडायचा, तो रिले. जुना स्विच तसाच ठेवून त्याच्या अंगावरचं ओझं उतरवण्याची ही युक्ती आहे. नवा स्विच टाकूनही ज्यांचा स्विच पुन्हा पुन्हा जळतो, त्यांचा प्रश्न बहुधा इथेच सुटतो.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली आणि वारं फिरलं. भाग सहज मिळू लागले, ठरावीक किमतीला मिळू लागले, आणि बसवायला दहा मिनिटं पुरू लागली. स्विचही बदलले. पत्र्याच्या कानांऐवजी प्लॅस्टिकच्या चिकटवलेल्या डब्या आल्या, ज्या उघडताना मोडतात. म्हणजे दुरुस्त करायचं की बदलायचं, हे गॅरेजात ठरण्याआधीच कारखान्यात ठरू लागलं. मजुरी महाग आणि वस्तू स्वस्त झाली, की दुसरं काही होणारही नव्हतं. यात सगळंच वाईट झालं असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाइकाचा दिवस वाचला, आणि घासूनपुसून परत बसवलेल्या स्विचच्या भरवशावर रात्री गाडी चालवण्याची पाळी अनेकांवरून टळली.

इतिहासाची गंमत बघा. ज्या फियाटच्या खटक्यांवर शिरूरच्या दोन पिढ्या शिकल्या, त्या फियाटचाच नवा कारखाना शिरूर तालुक्यात रांजणगावला उभा राहिला. २००९ मध्ये लिनिया आणि पुंटो इथून आल्या, २०१७ पासून जीप कंपास. ज्यांच्या वडिलांनी फडकं पसरून स्प्रिंगा सांभाळल्या, त्यातली काही मुलं आयटीआय करून अशा कारखान्यांच्या दारात उभी राहिली. तिथल्या गाडीत खटका आपलं जुनं काम करतच नाही. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे ठेवलेल्या ‘कॅन’ या संदेश-यंत्रणेवर आजच्या गाड्या चालतात. बोट दाबलं की स्विच फक्त निरोप देतो, आणि दिवा लावायचा की नाही ते एक छोटा संगणक ठरवतो. दिवा लागला नाही तर दोष स्विचमध्ये आहे, तारेत आहे की संगणकात, हे कळायला कंपनीचं यंत्र जोडावं लागतं. फडकं पसरून भागत नाही.

मग जुनी विद्या मोडीत काढायची का? इथे मला सातासमुद्रापलीकडचं एक प्रकरण सांगावंसं वाटतं. २०१४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत जनरल मोटर्सने सदोष इग्निशन स्विचसाठी गाड्या परत बोलवायला सुरुवात केली. काही आठवड्यांत आकडा सव्वीस लाखांवर गेला. किल्ली फिरवण्याच्या त्या स्विचमधली स्प्रिंग आणि तिच्या टोकाची खिट्टी कमजोर होती. किल्लीच्या जुडग्याचं वजन किंवा गुडघ्याचा धक्काही पुरे. चालत्या गाडीत किल्ली मागे फिरायची, इंजिन बंद पडायचं, स्टिअरिंग जड व्हायचं आणि एअरबॅग उघडायची नाही. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाचे म्हणून मान्य केले.

हे उघडकीला कसं आलं? जॉर्जिया राज्यात २०१० मध्ये अपघातात गेलेल्या एका तरुणीच्या आई-वडिलांनी दावा लावला होता. त्यांच्या बाजूच्या एका अभियंत्याने त्या गाडीचा जुना स्विच आणि दुकानातून आणलेला नवा स्विच, दोन्ही उघडून तपासले. दोघांवर भाग-क्रमांक एकच होता. पण नव्याची स्प्रिंग जास्त ताणाची आणि खिट्टी लांब होती. म्हणजे कंपनीत कुणीतरी २००६ मध्ये दोष सुधारला होता, पण क्रमांक न बदलता. रस्त्यावरच्या जुन्या गाड्या तशाच धावत राहिल्या. २०१५ मध्ये कंपनीने सरकारी खटला मिटवण्यासाठी ९० कोटी डॉलर भरले. त्या अभियंत्याने केलं ते आमच्या चाचांच्याच वळणाचं होतं. हा का मेला, ते बघितलं.

मला वाटतं, आपल्या वादाचं उत्तर यात आहे. ज्या खटक्यावर जीव अवलंबून आहे, म्हणजे हेडलाइट, ब्रेकचा दिवा, इग्निशन, तिथे दौंडचं ऐकावं. शंका आली की चांगल्या प्रतीचा नवा बसवावा. अनेक जुन्या गाड्यांत ब्रेकच्या दिव्याचा स्विच ब्रेक-ऑइलच्या दाबावर चालतो आणि सीलबंद असतो, त्याची दुरुस्ती करत बसूच नये. जिथे फक्त सोय अवलंबून आहे, म्हणजे आतला दिवा, पंखा, खिडकी, तिथे शिरूरचं ऐकावं. उघडावं, साफ करावं, चालवावं. ज्या गाडीचे भाग मिळेनासे झालेत, तिथे हे आणखीच खरं, कारण बाजारातल्या निकृष्ट नकलेपेक्षा नीट साफ केलेला मूळ स्विच केव्हाही बरा. पण दोन्ही ठिकाणी चाचांचा नियम सोडू नये. बदललेला जुना स्विच उघडून बघितल्याशिवाय भंगारात टाकू नये. कारण न शोधता बदललेला भाग म्हणजे दुखणं न ओळखता दिलेलं औषध.

हा नियम पाळायचा तर वस्तू उघडता आली पाहिजे आणि तिची माहिती मिळाली पाहिजे. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं आणि मोबाइलसोबत मोटारींचाही विचार तिच्याकडे सोपवला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठीचं पोर्टल सुरू झालं. शिरूर-दौंडच्या मिस्त्रींना यातून खरोखर काय मिळतं, ते यंत्र जोडून दोष वाचण्याची मुभा आणि शिक्षण त्यांच्या मुलांपर्यंत पोचतं की नाही, यावर ठरेल. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी गाडीचे फोटो छापले, आठवणी छापल्या. तिच्याबरोबर गॅरेजात बसून राहिलेल्या हातांची बातमी कुणी विशेष केली नाही. ते हात अजून आहेत, चष्मा लावून काम करतात, आणि शिकायला शेजारी बसणारी मुलं कमी होत चालली आहेत.

शब्दांचा धंदा करणारा माणूस आहे म्हणून शेवटी एक सांगतो. ‘दुरुस्ती’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि ‘बदल’ अरबीतून. दोघेही शतकानुशतकं मराठीत एकाच घरात राहतात, आणि मराठीने एकालाही कधी घराबाहेर काढलं नाही. दुरुस्त म्हणजे मूळ अर्थाने ठीक, बरोबर. त्या अर्थी नवा भाग टाकून ठीक झालेली गाडीही दुरुस्तच झाली म्हणायची. अट एकच, की ती का बिघडली होती हे तिच्या मालकाला आणि मिस्त्रीला, दोघांनाही कळलेलं असावं.